आयडी कॅम्पचं निमंत्रण आलं म्हणजे कोचने निवडलं का?

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी दहावीत आहे. लहानपणापासून क्लब सॉकर खेळते, सध्या क्लब संघांच्या ईसीएनएल रीजनल लीगमध्ये सेंट्रल मिडफिल्डर आहे. जीपीए ३.८ आहे आणि इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. जानेवारीपासून तिला वेगवेगळ्या विद्यापीठांच्या कोचकडून उन्हाळी आयडी कॅम्पची, म्हणजे कोच खेळाडूंना पारखतात त्या शिबिरांची, निमंत्रणं येताहेत. ‘तू आमच्या नजरेत भरली आहेस’ असं त्यांत लिहिलेलं असतं. पोरगी हरखून गेलीय, सहा कॅम्प करायचे म्हणते. एका दिवसाच्या कॅम्पचे दोनशे डॉलर, मुक्कामाचा असेल तर सहा-सातशे, वर विमान आणि हॉटेल. मिस्टरांचं म्हणणं, हा सगळा पैसे उकळायचा प्रकार आहे. मला वाटतं, नाही पाठवलं आणि तिची संधी हुकली तर? आम्ही अजून एच-वन वर्क व्हिसावर आहोत, त्यामुळे कॉलेजच्या खर्चाची धास्ती वेगळीच. काय करावं?

उत्तर :

नमस्कार. आधी थेट उत्तर देते. सहा नकोत, या उन्हाळ्यात दोन पुरेत. आणि ते दोन कोणते, हे आलेल्या निमंत्रणांवरून ठरवू नका.

एनसीएए म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी इथली संस्था. तिचा एक नियम तुम्हाला माहीत असता तर अर्धा गोंधळ तिथेच मिटला असता. विद्यापीठाच्या कोचने भरवलेला कॅम्प सगळ्यांसाठी खुला ठेवावा लागतो. वय, इयत्ता, मुलगा की मुलगी आणि जागा किती, एवढ्याच अटी घालता येतात. म्हणजे ज्या मुलीला निमंत्रण आलं नाही, तीही वेबसाइटवर जाऊन त्याच फीमध्ये त्याच कॅम्पला नाव नोंदवू शकते. ‘निवडक खेळाडूंसाठी’ हे शब्द मेलमध्ये असले तरी दार सगळ्यांना उघडं असतं. असे मेल शेकड्यांनी जातात. क्लबच्या याद्या, स्पर्धांच्या नोंदी, मुलींनी भरलेले ऑनलाइन फॉर्म यांतून पत्ते मिळतात आणि नाव आपोआप भरलं जातं.

दुसरा नियम तारखेचा. एनसीएएच्या तीन गटांपैकी वरच्या दोन, म्हणजे डिव्हिजन वन आणि टूचे कोच दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलीशी भरतीबद्दल बोलू शकत नाहीत. फोन नाही, मेसेज नाही. त्याआधी ते पाठवू शकतात ते माहितीपत्रक, प्रश्नावली आणि कॅम्पची जाहिरात. तेव्हा जानेवारीपासून तुमच्या घरी जे येतंय, ते नियमात बसणारं जवळजवळ एकमेव पत्र आहे. त्यात तिच्याबद्दल खरी उत्सुकता असूही शकते, नसूही शकते. मेलवरून ते कळत नाही. १५ जूनच्या आठवड्यात कोणाचा फोन येतो, यावरून बरंच कळेल.

मग तुमच्या मिस्टरांचं म्हणणं खरं का? निम्मं. बऱ्याच ठिकाणी कॅम्प हा मुख्य कोचच्या खासगी कंपनीचा उपक्रम असतो आणि त्यातून सहायक कोचच्या अपुऱ्या पगाराला हातभार लागतो. हे उघड आहे, बेकायदा नाही. पण त्याच कॅम्पमधून दरवर्षी मुली संघात घेतल्याही जातात. म्हणून सरसकट फसवणूक म्हणणं मला पटत नाही. फसगत होते ती आपण कॅम्पला पहिली पायरी समजतो तेव्हा.

भरती प्रत्यक्षात कशी होते ते बघा. डिव्हिजन वनच्या कोचकडे प्रत्येक बॅचची एक यादी असते. ती तयार होते कोच मुद्दाम खेळाडू बघायला येतात अशा मोठ्या शोकेस स्पर्धांमधून, क्लबच्या कोचशी झालेल्या बोलण्यातून आणि व्हिडिओतून. कॅम्पच्या दिवशी मैदानावर कधी ऐंशी, कधी शंभराहून जास्त मुली असतात. प्रत्येकीच्या अंगावर नंबर लिहिलेली पिनी, म्हणजे कपड्यांवरून घालायचं बनियन. सकाळी वॉर्मअप आणि पासिंगचे सराव, मग छोट्या संघांचे सामने, जेवण, कॅम्पसची फेरी, कोचचं अर्ध्या तासाचं भाषण आणि दुपारी अकरा-अकराचे सामने. कोचच्या हातातल्या कागदावर काही नंबरांना आधीच खूण केलेली असते. त्या मुलींचे मेल त्याने वाचलेले असतात, व्हिडिओ पाहिलेला असतो, एखादा सामनाही पाहिलेला असतो. दिवसभर त्याचं लक्ष मुख्यतः त्या नंबरांकडे जातं. बाकीच्यांतून एखादी अशी खेळते की तिच्या नंबरासमोरही खूण होते. असं घडतं, पण त्या भरवशावर सहा ठिकाणची फी भरू नये.

सेंट्रल मिडफिल्डरसाठी तर हे जास्तच लागू आहे. गोलकीपर किंवा वेगवान विंगर अनोळखी मुलींमध्येही उठून दिसते. मिडफिल्डरचा खेळ सोबतच्यांवर अवलंबून. आजूबाजूच्या मुली एकमेकींना ओळखत नाहीत, जी ती स्वतःला दाखवायला बॉल पायाशी धरून ठेवते, आणि तुमची मुलगी मोकळ्या जागेत उभी राहून पासची वाट बघते. तिची खरी ताकद, म्हणजे बॉल येण्याआधी मान वळवून बघणं आणि एका टचमध्ये खेळाची दिशा बदलणं, ही क्लबच्या सामन्यात दिसते. म्हणून कोचला आधी तिचा सामना किंवा व्हिडिओ बघायला लावायचा आणि मग कॅम्प.

त्यासाठी मेल तिनेच लिहायचा, तुम्ही नाही. पालकांनी लिहिलेला मेल कोचला लगेच ओळखू येतो. विषयाच्या ओळीतच शाळा संपण्याचं वर्ष, खेळण्याची जागा, क्लब आणि जीपीए असू दे : ‘२०२८, सेंट्रल मिडफिल्डर, अमुक क्लब, ३.८’. आत पाच-सहा वाक्यं पुरतात. या कॉलेजात कुठला विषय शिकायचाय, त्यांच्या संघाचा कुठला सामना पाहिला आणि त्यात काय आवडलं, पुढच्या स्पर्धेत आपला सामना किती वाजता, कुठल्या नंबरच्या मैदानावर, जर्सीचा नंबर काय, क्लबच्या कोचचा फोन आणि तीन-चार मिनिटांच्या व्हिडिओची लिंक. व्हिडिओत पहिल्या तीस सेकंदांत सर्वांत चांगले प्रसंग आणि प्रत्येक प्रसंगाआधी तिच्याभोवती वर्तुळ. संगीत नको. २०२६-२७ च्या हंगामापासून अनेक लीगमध्ये वयोगट जानेवारीऐवजी ऑगस्टपासून मोजले जाणार आहेत, त्यामुळे तिचा संघ बदलू शकतो. तसं झालं तर नवीन वेळापत्रक या कोचना आठवणीने कळवायचं.

या मेलला १५ जूनआधी डिव्हिजन वनकडून मनासारखं उत्तर येणार नाही, नियमच आड येतो. डिव्हिजन वनच्या कॅम्पची या वर्षी घाई करू नका. फोन आला, त्यात कोचने तिच्या एखाद्या सामन्याचा उल्लेख केला आणि ‘कॅम्पला येशील का’ असं विचारलं, तर तो कॅम्प मात्र चुकवू नका.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या पत्रात डिव्हिजनचा उल्लेख नाही, पण सगळा रोख डिव्हिजन वनवर असावा असं वाटतं. शाळेत सॉकर खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी साधारण सातजणी एनसीएएच्या कुठल्या ना कुठल्या डिव्हिजनमध्ये पोचतात, डिव्हिजन वनमध्ये दोन-तीन. आणि तिथे पोचलेल्यांनाही पूर्ण शिष्यवृत्ती क्वचितच मिळते. २०२५ पर्यंत मुलींच्या एका संघाला १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि ती रक्कम पंचवीस-तीस जणींत वाटली जायची. एनसीएए आणि खेळाडूंमधल्या खटल्यात जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांसाठी ही मर्यादा गेली आणि संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू हा नियम आला. ऐकायला बरं वाटतं, पण २८ पैकी प्रत्येक जागा आता मोलाची झाली आहे. शिवाय दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन येणाऱ्या वीस-एकवीस वर्षांच्या तयार खेळाडूही त्याच जागांसाठी रांगेत आहेत. अकरावीतल्या मुलीला शब्द देताना कोच पूर्वीपेक्षा जास्त विचार करतो.

तुमच्या मुलीचं चित्र मला डिव्हिजन थ्रीमध्ये जास्त स्पष्ट दिसतं. ३.८ जीपीए, इंजिनिअरिंगची ओढ, राहायला न्यू जर्सीत. होबोकनचं स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी तुमच्या घरापासून फार तर तासाभरावर. यूइंगचं कॉलेज ऑफ न्यू जर्सी, जिथल्या मुलींच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आहेत आणि जिथे इंजिनिअरिंगही आहे. ग्लासबरोचं रोवन. तिन्ही डिव्हिजन थ्री. आपल्याकडे या शब्दाला उगाच नाक मुरडतात, ‘थर्ड डिव्हिजन’ म्हणजे काठावर पास, असं कुठेतरी मनात बसलेलं असतं. शिकागो विद्यापीठ, एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स हेही सॉकर डिव्हिजन थ्रीमध्येच खेळतात. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना हे सांगून बघा, प्रश्न बंद होतील.

आणि गंमत अशी की कॅम्पचा खरा उपयोग तिथेच होतो. डिव्हिजन थ्रीच्या कोचकडे देशभर फिरून सामने बघायला ना पैसा असतो ना माणसं. त्याच्या स्वतःच्या मैदानावरचा एक दिवस हीच त्याची मुलींना पारखून बघायची जागा. तारखेचं ते कडक बंधन त्यांना नाही, त्यामुळे मेलला खरं उत्तर येऊ शकतं आणि कॅम्पच्या शेवटी ‘तू आम्हाला हवी आहेस’ किंवा ‘तुझ्यासाठी इथे जागा नाही’ हे तोंडावर सांगितलं जाऊ शकतं. दोन्ही उत्तरं मोलाची. मुलीलाही कळतं की कोच चुकलेल्या खेळाडूशी कसा बोलतो, सध्याच्या संघातल्या मुली, ज्या अशा कॅम्पमध्ये मदतीला असतात, त्या एकमेकींशी कशा वागतात. जेवणाच्या वेळी त्यांच्या टेबलावर जाऊन बसायला सांगा. प्रॅक्टिस आणि लॅब एकाच वेळी आल्या तर काय करता, हा प्रश्न इंजिनिअरिंग करणाऱ्या खेळाडूला विचारायचा. हे उत्तर ब्रोशरमध्ये सापडत नाही.

पैशाचं म्हणाल तर डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते. मात्र अभ्यासावर मिळणारी मेरिट स्कॉलरशिप असते, आणि ३.८ वाल्या मुलीला ती कधी कधी डिव्हिजन वनच्या तुटपुंज्या खेळ-शिष्यवृत्तीपेक्षा मोठी मिळते. इथे तुमचा व्हिसा आडवा येतो, तो नीट समजून घ्या. मुलगी एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर असेल तर सरकारची फेडरल मदत तिला मिळणार नाही. कॉलेज स्वतःच्या तिजोरीतून जी मेरिट देतं ती मिळू शकते, पण नियम कॉलेजागणिक वेगळे. हा प्रश्न कोचला नको, अ‍ॅडमिशन ऑफिस आणि फायनान्शियल एड ऑफिसला लेखी विचारा, आणि कॅम्पची फी भरण्याआधी विचारा. ज्या कॉलेजची फी उत्तर आल्यावरही आवाक्यात बसत नाही, त्याच्या कॅम्पला जाऊन मुलीचं मन तिथे गुंतवू नये. त्यातून होणारा त्रास मी अनेक घरांत पाहिलाय आणि तो दोनशे डॉलरपेक्षा फार मोठा असतो.

अजून एक गोष्ट डिव्हिजन थ्रीची. अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात अनेक कोच मुलीची मार्कशीट अ‍ॅडमिशन ऑफिसला आधी दाखवून घेतात. तिथून हिरवा कंदील मिळाला तरच कोच पाठिंबा देतो, आणि मग बहुधा अर्ली डिसिजनने, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच येईन असं बांधून घेऊन, लवकर अर्ज करायला सांगतो. म्हणून अकरावीचे विषय आणि मार्क हे तिच्यासाठी कुठल्याही कॅम्पपेक्षा महत्त्वाचे. कॅल्क्युलस आणि फिजिक्सचा अभ्यास जुलैतल्या सलग कॅम्पांमुळे बाजूला पडत असेल तर कॅम्प कमी करायचे. शरीराचंही बघा. मेअखेरपर्यंत क्लबचा हंगाम, ऑगस्टमध्ये शाळेच्या संघाची प्रॅक्टिस. मध्ये सहा कॅम्प घातले तर तिला विश्रांती कधी? किशोरवयीन मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटच्या दुखापती मुलांपेक्षा जास्त होतात. दमलेल्या पायांनी अनोळखी मैदानावर दिवसाला तीन सत्रं खेळणं मला जोखमीचं वाटतं.

आता तिला हे सांगायचं कसं? ‘ती निमंत्रणं खोटी आहेत’ असं म्हणू नका, तसं नाहीच आणि तिचा हिरमोड होईल. तिला बसवून आलेले मेल एकत्र वाचा. कुठल्या मेलमध्ये तिच्या नावापलीकडे तिच्याबद्दल एखादी गोष्ट आहे? सामना, क्लबचा कोच, जर्सीचा नंबर? बहुतेकांत नसेल, आणि ते तिचं तिला दिसेल. मग तिलाच कॉलेजांची यादी करू दे. अट एकच, सॉकर नसतं तरी जिथे चार वर्षं शिकायला आवडलं असतं अशीच नावं. आठ-दहा पुरेत. त्या सगळ्यांना ती मेल करेल. ज्या दोघांकडून माणसाने लिहिलेलं उत्तर येईल आणि ज्यांचा खर्च झेपेल, त्यांच्या कॅम्पला या उन्हाळ्यात जायचं, शक्यतो गाडीने जाऊन त्याच दिवशी परत येता येईल अशा ठिकाणी. कॅम्पच्या आठवडाभर आधी कोचला ‘मी येतेय’ असा मेल, आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी आभाराचा.

मिस्टरांना एक काम द्या. डिव्हिजन वनपैकी एखादं कॉलेज तिच्या मनात पक्कं असेल, तर फॉलमध्ये त्या संघाचा घरच्या मैदानावरचा सामना बघायला बाप-लेकीने जावं. रटगर्स पिसकॅटवेत, तुमच्या शेजारीच. तिच्या जागेवर खेळणारी मुलगी किती वेगाने निर्णय घेते, हे नव्वद मिनिटं बघितलं की आपण कुठे आहोत याचा अंदाज मुलीला येतो, आणि त्यासाठी कॅम्पची फी लागत नाही.

एखाद्या मुक्कामी कॅम्पचे पैसे भरून झाले असतील तर परताव्याची मुदत आजच तपासा, बहुतेक ठिकाणी ती कॅम्पच्या काही आठवडे आधीच संपते. आणि तिची यादी तयार झाली, आर्थिक मदतीबद्दल कॉलेजांची उत्तरं हातात आली, की मला पुन्हा लिहा. त्यातले दोन कुठले, ते आपण मिळून ठरवू.