“काळी होशील” म्हणणं आधी थांबवा

खारघरच्या एक ताई लिहितात: “मुलगी वीस वर्षांची. मैत्रिणींबरोबर गोव्याला जायचंय म्हणून भर दुपारी खोबरेल तेल चोपडून गच्चीवर पडून असते. ‘टॅन छान दिसतो’ म्हणते. ‘काळी होशील, लग्न कसं जमणार?’ असं सांगून थकले. आणलेलं सनस्क्रीन तसंच पडून आहे.”

ताई, काळजी रास्त आहे, पण तुमचं वाक्यच तिला उन्हात बसवतंय. रंगावरून टोकलं की या वयात मुली हट्टाला पेटतात. शिवाय सावळ्या रंगात वाईट काहीच नाही, हे तिचं म्हणणं असेल तर ते खरंच आहे. तसं तिला स्पष्ट सांगा आणि लग्नाचा विषय कायमचा सोडा.

बोलायचं ते इजेबद्दल. टॅन म्हणजे अतिनील किरणांनी पेशींतल्या डीएनएला इजा झाल्यावर त्वचेने केलेला बचाव. खोबरेल तेल ही इजा रोखत नाही. कॅन्सरची भीती मात्र घालू नका. गोऱ्या लोकांच्या तुलनेत आपल्याला त्वचेच्या कॅन्सरचा धोका कमी असतो आणि विशीत तो फार लांबचाही वाटतो. वांग, डाग, अकाली सुरकुत्या हे जवळचं वाटतं. परदेशात तरुणींना अतिनील कॅमेऱ्याने काढलेले त्यांच्याच चेहऱ्याचे फोटो दाखवतात. एरवी न दिसणारे डाग त्यात दिसतात आणि त्याचा परिणाम होतो. पण नुसतं घाबरवून सोडलं, हातात उपाय दिला नाही, तर माणूस विषयच टाळतो.

म्हणून आधी विचारा, “टॅनमध्ये तुला काय आवडतं?” मध्ये न बोलता ऐका. रंगच हवा असेल तर सेल्फ-टॅनर लोशन मिळतं, ऊन लागत नाही. मात्र त्याने उन्हापासून संरक्षण होत नाही, वरून सनस्क्रीन हवंच.

ट्यूब पडून का आहे, तेही विचारा. बहुधा चेहरा पांढरट दिसतो किंवा आपल्या दमट हवेत चिकचिकतं. दुकानात तिलाच निवडू द्या: जेल, एसपीएफ 30 किंवा जास्त, पीए+++ (ट्यूबवर छापलेली संरक्षणाची मापं: एसपीएफ त्वचा भाजवणाऱ्या किरणांसाठी, पीए सुरकुत्या आणणाऱ्या किरणांसाठी). चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं. सगळ्यांची चूक इथेच होते, वाटाण्याएवढं लावतात आणि “काही उपयोग नाही” म्हणतात. रोज दोनदा नीट लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब जेमतेम महिना पुरते.

“लावत जाईन” असं मोघम वचन घेऊ नका. “दात घासले की लावेन, पाण्यातून बाहेर आले की पुसून पुन्हा लावेन” असं तिच्याच तोंडून ठरू द्या. पाण्यात गेली नाही तरी दर दोन तासांनी लावायचंच. गोव्यात अकरा ते चार सावली, पोहताना पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टी-शर्ट. हा बेत मैत्रिणींनी मिळून केला तर उत्तम. पाचजणी लावत असताना सहावी आपसूक ट्यूब मागते, तिथे आईने सांगावं लागत नाही.