कुंपणछाटणी आणि फांद्यांच्या कामासाठी यंत्रे कशी निवडावीत?

प्रश्न : इंदूरच्या सुदामानगर भागात माझा बागांची देखभाल करण्याचा लहानसा व्यवसाय आहे. आम्ही तिघे मिळून काही बंगल्यांच्या, दोन सोसायट्यांच्या आणि एका शाळेच्या बागा सांभाळतो. आजवर कात्री, कोयता आणि हातकरवत यांवर निभावले. परंतु मेंदी व ड्युरांटाची कुंपणे वाढत चालली आहेत आणि गुलमोहर, अशोक यांच्या फांद्या उतरवण्याचे कामही ग्राहक अधूनमधून सांगतात. यंत्रांसाठी साठ हजारांपर्यंत खर्च करता येईल. सियागंजमधील एका दुकानदाराने आधी बावीस इंची पेट्रोल चेन सॉ घेण्यास सुचवले आहे. ती योग्य ठरेल का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : तुमचे रोजचे काम कुंपणांचे आहे आणि झाडांचे काम अधूनमधून येते, दुकानदाराने मात्र अधूनमधूनच्या कामाचे यंत्र आधी पुढे केले आहे. बावीस इंची चेन सॉ (साखळीची यांत्रिक करवत) ही जमिनीवर पडलेल्या जाड ओंडक्यांसाठी असते. बंगल्याच्या आवारात ज्या फांद्या उतरवाव्या लागतात त्या बहुधा मनगटाएवढ्या, फार तर मांडीएवढ्या जाड असतात आणि त्यांना बारा ते सोळा इंची बार (साखळी ज्यावर फिरते ती पोलादी पट्टी) पुरतो. बार लांब झाला की पुढचे वजन वाढते, हात लवकर भरून येतात आणि करवतीचे टोक नको तिथे टेकण्याचा संभव वाढतो. म्हणून ही खरेदी तूर्त करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला पैसा हेज ट्रिमरवर, म्हणजे कुंपण छाटणाऱ्या यंत्रावर, घालावा, कारण जे यंत्र आठवड्यातून चार दिवस हातात राहणार आहे तेच स्वतःची किंमत लवकर फेडते.

हेज ट्रिमर विजेवर, बॅटरीवर आणि पेट्रोलवर चालणारे असे तीन प्रकारचे मिळतात. बंगल्यांच्या कामासाठी विजेचा ट्रिमर हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे. पाच-सहाशे वॅटचे यंत्र वजनाला साधारण चार किलो भरते, तासभर सलग चालवले तरी अर्ध्या-पाऊण युनिटच्या वर वीज घेत नाही, आणि त्याला कार्ब्युरेटर नसल्यामुळे देखभालही थोडी लागते. त्याची अडचण वायरची असते. पाते फिरवताना वायर नेहमी खांद्यावरून मागे सोडावी, ग्राहकाच्या सॉकेटला तीस मिलिअँपिअरचे आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) संरक्षण आहे की नाही हे आधी विचारावे आणि पाऊस पडून गेलेल्या ओल्या कुंपणावर हे यंत्र चालवू नये. माळव्यात जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत मेंदी आणि ड्युरांटा झपाट्याने वाढतात, म्हणजे ज्या महिन्यांत काम सर्वाधिक असते त्याच महिन्यांत विजेच्या यंत्राला सुट्टी द्यावी लागण्याचे प्रसंग येतात. शाळेच्या लांबच लांब कुंपणापर्यंत वायर पोहोचणेही कठीण असते. तेव्हा दोन यंत्रे घेणे झेपत नसेल आणि एकच घ्यायचे असेल, तर तुमच्या कामाच्या मिश्रणाला पंचवीस सीसीच्या आसपासचा, दोन्ही बाजूंनी कापणारा पेट्रोल ट्रिमर अधिक सोयीचा पडेल. तो पाच-सहा किलोचा असतो. म्हणून दुकानात तो नुसता पाहून न घेता, छातीच्या उंचीवर आडवा धरून पाच मिनिटे उभे राहून पाहावे. ज्याच्या हाती तो द्यायचा आहे त्या माणसाला बरोबर न्यावे.

ट्रिमरच्या पात्याची लांबी सगळेच विचारतात, दातांमधले अंतर मात्र फार थोडे लोक विचारतात. हलक्या यंत्रांत हे अंतर पंधरा ते वीस मिलिमीटर असते. त्यात मेंदीची कोवळी वाढ सहज कापली जाते, पण दोन वर्षे हात न लागलेल्या बोगनवेलीची फांदी अडकते आणि गिअरवर ताण येतो. चोवीस मिलिमीटर किंवा त्याहून अधिक अंतराचे पाते घेतले तर जुन्या कुंपणांचे कामही घेता येते. त्याहून जाड फांदीसाठी लांब दांड्याची कात्री जवळ ठेवावी. ती यंत्राचे आयुष्य वाढवते. कण्हेरीचे कुंपण छाटल्यावर पात्यांवरचा चीक लगेच पुसून तेलाचा हात फिरवावा, हातमोजे घातल्याशिवाय त्या फांद्या उचलू नयेत, आणि त्या रस्त्याच्या कडेला कधीही टाकू नयेत, कारण कण्हेर गुरांना विषारी असते व आपल्या शहरात मोकळी गाय कुठून येईल हे सांगता येत नाही.

बॅटरीच्या यंत्रांविषयी हल्ली बरेच विचारले जाते. त्यांचा आवाज कमी असतो, वायर नसते आणि सकाळी लवकर काम सुरू केले तरी शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. तथापि अठरा व्होल्ट आणि चार अँपिअर-तास लिहिलेल्या बॅटरीत एकूण बहात्तर वॅट-तासच ऊर्जा मावते, हा हिशेब खरेदीपूर्वी लक्षात घ्यावा. पातळ फांद्यांवर ती बऱ्यापैकी टिकते, जाड फांद्यांवर लवकर उतरते. त्यामुळे व्यवसायासाठी किमान दोन बॅटऱ्या लागतात आणि बहुतेकदा दुसऱ्या बॅटरीची किंमतच अंदाजपत्रक बिघडवते. मे महिन्यात उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, ती सावलीत थंड होऊ द्यावी.

आता चेन सॉ. ती घ्यायचीच असेल तर सोळा इंचांपर्यंतची घ्यावी, आणि बंगल्यांतच काम असेल तर विजेवर चालणाऱ्या चेन सॉचा विचार अवश्य करावा. दोन हजार वॅटची विजेची सॉ जमिनीवर उतरवलेल्या फांद्यांचे तुकडे करण्याचे काम उत्तम करते. मात्र ती जवळजवळ नऊ अँपिअर विद्युतप्रवाह घेते, म्हणून बागेतल्या दिव्याच्या साध्या सॉकेटवर ती चालवता येत नाही. पाण्याच्या पंपासाठी किंवा गीझरसाठी असलेला सोळा अँपिअरचा पॉइंट शोधावा लागतो आणि एक्स्टेन्शनची तार अडीच चौरस मिलिमीटरची लागते. पातळ तारेवर चालवल्यास मोटर कमी दाबाने फिरते, तापते आणि जळते. मग दोष यंत्राला दिला जातो.

पेट्रोल सॉ घेताना स्टिकरवरच्या सीसीच्या आकड्यावर भुलू नये. स्वस्त सॉवर मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्याऐवजी वजन, शक्ती किलोवॅटमध्ये किती आहे आणि सुटे भाग कुठे मिळतात, हे विचारावे. दुकानदाराने यंत्र तुमच्यासमोर सुरू करून दाखवायला हवे. सुरू झाल्यावर ट्रिगर न दाबता ते संथ चालत असताना साखळी पूर्ण थांबलेली असली पाहिजे. संथ गतीतही साखळी सरकत असेल तर ते यंत्र तसेच घेऊ नये. पुढच्या हातरक्षकाला पुढे ढकलल्यावर चेन ब्रेक लागतो की नाही, तेही तिथेच पाहावे. एअर फिल्टर, स्टार्टरची दोरी, क्लच, कार्ब्युरेटरचा डायफ्राम (लवचीक पडदा) आणि नेमक्या त्याच मापाची साखळी त्या दुकानात आज उपलब्ध आहे का, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. इंटरनेटवर दोन-तीन हजार कमी पडतात हे खरे, परंतु हंगामात यंत्र पंधरा दिवस बंद पडले तर ती बचत एका आठवड्यात निघून जाते.

साखळीची धार हा नव्या व्यावसायिकांकडून सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. धारदार साखळी लाकडात आपणहून उतरते आणि खाली जाडसर, लांबट कीस पडतो. कीस न पडता पिठासारखी भुकटी पडू लागली आणि यंत्र दाबावे लागू लागले, की साखळी बोथट झाली असे समजावे. दर वेळी टाकी भरताना दोन-तीन फेऱ्या गोल कानस मारण्याची सवय लावावी. तीन-अष्टमांश इंची लो प्रोफाइल साखळीला चार मिलिमीटरची आणि पॉइंट तीन-दोन-पाच इंची साखळीला चार पूर्णांक आठ दशांश मिलिमीटरची कानस लागते. कोणती साखळी आहे हे बारवर कोरलेले असते. प्रत्येक दातापुढचा बुटका भाग किती घासावा हे दाखवणारी छोटी पट्टी मिळते, ती कानशीबरोबरच घ्यावी. अंदाजाने तो भाग जास्त घासला गेला तर साखळी लाकडात जास्त खोल घुसते आणि यंत्र उसळते.

उसळण्याचा धोका साधा नाही. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशाला टेकला की करवत क्षणार्धात मागे, माणसाच्या चेहऱ्याकडे येते. म्हणून खांद्याच्या वर चेन सॉ नेऊ नये आणि शिडीवर उभे राहून ती कधीही चालवू नये. उंचीवरच्या मनगटाएवढ्या फांदीसाठी लांब होणाऱ्या काठीवर बसवलेली हातकरवत वापरावी. ती स्वस्त आहे, तिला पेट्रोल लागत नाही आणि माणूस जमिनीवर उभा राहतो. फांदी जड असेल तर आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडा छेद घ्यावा, मग त्याच्या किंचित पुढे वरून कापावे, आणि शेवटी उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढावा. असे केले नाही तर फांदी पडताना खोडाची साल लांबपर्यंत सोलून नेते. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते. त्याच्या मोठ्या फांद्या आणि वीजतारांजवळची कोणतीही फांदी यांना तुमच्या माणसांनी हात लावू नये. अशा कामासाठी प्रशिक्षित माणूस बोलवावा आणि तारा असतील तर आधी वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्यावा.

तुमच्या साठ हजारांतून हेज ट्रिमर आधी घ्यावा, नंतर लांब काठीची करवत व कात्री, आणि त्याच खेपेत जाळी असलेले शिरस्त्राण, कानाचे मफ, हातमोजे व पोलादी टोकाचे बूट घ्यावेत. पेट्रोल सॉचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानाचे मफ केवळ हौसेचे नाहीत. चेन सॉ घेतल्यास मांडीसाठी संरक्षक पॅड त्याच दिवशी घ्यावेत. त्यांना पैसे उरत नसतील तर सॉ पुढच्या वर्षी घ्यावी आणि तोवर गरजेपुरती भाड्याने, चालवणाऱ्यासह आणावी. रक्कम कमी पडत असेल तर प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळते. बँकेत यंत्राचे लेखी दरपत्रक घेऊन जावे.

प्रश्न : माझा पेट्रोल हेज ट्रिमर गेल्या वर्षी चांगला चालला. पावसाळ्यानंतर तीन महिने तो ठेवून दिला होता, आता सुरू होत नाही. मेकॅनिक कार्ब्युरेटर बदलायला सांगतो. एवढा खर्च खरोखर आवश्यक आहे का? – एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : बहुधा टाकीत मिश्रण तसेच राहिले असावे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; ते हवेतले पाणी ओढून घेते आणि लहान कार्ब्युरेटरमधले रबरी डायफ्राम कडक करते. संपूर्ण कार्ब्युरेटर बदलण्याआधी डायफ्रामचा संच, टाकीतला फिल्टर आणि इंधनाची नळी बदलून पाहण्यास मेकॅनिकला सांगावे. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. पुढे मात्र मिश्रण महिनाभराहून जुने वापरू नये आणि यंत्र ठेवून देण्यापूर्वी टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. पेट्रोलशी टू-टी तेलाचे (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचे) प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेतलेच ठेवावे: एकास पन्नास म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर, एकास पंचवीस म्हणजे चाळीस. मोजपात्राने मोजावे, बाटलीच्या झाकणाने नव्हे. तेल कमी पडले तर पिस्टनवर उभ्या रेघा पडतात, आणि तशा इंजिनाची दुरुस्ती लहान यंत्राच्या बाबतीत बहुतेक वेळा परवडत नाही. जुने यंत्र विकत घेणाऱ्यांनीही सायलेन्सर काढून त्या छिद्रातून पिस्टन पाहावा. रेघा दिसल्या तर भाव कितीही कमी असो, व्यवहार करू नये.

प्रश्न : छाटलेल्या फांद्या हलवण्यावरच बराच खर्च होतो. फांद्यांचा भुगा करणारे श्रेडर यंत्र घ्यावे का? झाडे तोडण्यासाठी परवानगी लागते का? – एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : विजेवर चालणारे लहान श्रेडर साधारण चार सेंटीमीटर जाडीपर्यंतच्या फांद्या घेतात आणि त्याही एकेक करून, दिवसभराच्या छाटणीचा ढीग त्यातून काढायला एक माणूस पूर्ण अडकतो. मोठे पेट्रोल श्रेडर तुमच्या सध्याच्या उत्पन्नाला जड जाईल. महापालिकेच्या क्षेत्रात बिचोली हप्सी येथे हिरव्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे, त्यामुळे फांद्या वेगळ्या बांधून देण्याची व्यवस्था झोन कार्यालयाकडे विचारून घ्यावी आणि वाहतुकीची रक्कम ग्राहकाच्या दरपत्रकात वेगळी दाखवावी. पाने व कोवळ्या काड्या जागीच आच्छादन म्हणून पसरता आल्या तर गाडीची एक फेरी वाचते.

झाड तोडण्याविषयी सांगायचे तर मध्य प्रदेशात नागरी क्षेत्रातील वृक्षांसाठी २००१ चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि खासगी आवारातील झाड पाडण्यासाठीही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मोठी छाटणी असेल तरी अर्जाची पोच ग्राहकाकडून घेऊनच काम सुरू करावे. पावसाळ्यात बगळ्यांची घरटी असलेल्या झाडांवर करवत चालवू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरटी व अंडी नष्ट करणे हा गुन्हा आहे, आणि त्याची जबाबदारी ग्राहकाइतकीच काम करणाऱ्यावरही येते.