जकातीचा, म्हणजे इस्लाममधील अनिवार्य दानाचा, हेतू गरिबांना मदत करणे एवढाच आहे का?

नाही, जकात जितकी गरजूसाठी आहे तितकीच देणाऱ्याच्या मनातील धनलोभ कमी व्हावा यासाठीही आहे. कुराणाच्या नवव्या सूरेतील १०३ व्या आयतीत हे दान देणाऱ्याला शुद्ध करते असे म्हटले आहे, तर ६० व्या आयतीत गरीब, कर्जबाजारी, वाटसरू असे आठ प्रकारचे हक्कदार सांगितले आहेत. निसाब या किमान मर्यादेइतकी संपत्ती चांद्रवर्षभर जवळ राहिली, की रोकड आणि सोन्याचांदीतील अडीच टक्के वाटा त्या हक्कदारांचा ठरतो. घेणाऱ्याला त्यामुळे मिंधे व्हावे लागत नाही, आणि मला हीच बाजू सर्वांत मोलाची वाटते. मात्र अंगावरच्या दागिन्यांबाबत मतभेद आहेत: इस्लामी धर्मशास्त्राच्या परंपरांपैकी हनफी मतानुसार वापरातल्या सोन्यावरही जकात लागते, तर कोकणी मुसलमान मानतात त्या शाफिई मतानुसार सहसा लागत नाही.