निंब पाडू की ठेवू?

प्रश्न : आम्ही जुळे सोलापूरला राहतो. स्वयंपाकघरापासून सात-आठ फुटांवर सासऱ्यांनी लावलेला कडुनिंब आहे, बुंधा कवेत मावत नाही. यंदा ओट्यामागच्या भिंतीला तिरकी भेग पडली. शेजारच्या काकू म्हणतात, ‘मुळं घर उचलतील, पाडून टाका.’ सासूबाई ऐकत नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, आधी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा. उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते का, बघा. तसं असेल तर खेळ काळ्या मातीचा. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. निंब तिच्यातलं पाणी ओढतो, म्हणजे तोही अगदी निर्दोष नाही. पण एकदम तोडला तर माती पुन्हा फुगून नवी भेग पडू शकते. मोरीचा पाइप गळतोय का, तेही पाहा. मुळं ओलाव्याकडेच जातात.

बुंध्यावर हातोडीच्या दांड्यानं ठोका. आवाज पोकळ आला, बुडाशी भूछत्रं दिसली किंवा झाड नव्यानं कललं असेल, तर मात्र उशीर नको. तरी स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही १९७५च्या कायद्यानं महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वय पन्नाशीपुढचं असेल तर २०२१च्या दुरुस्तीनुसार ते ‘हेरिटेज’ वृक्ष ठरतं, नियम आणखी कडक.

मी आमच्या दारचा निंब असाच घाईनं पाडला होता. पुढच्या मे महिन्यात पश्चिमेच्या खोलीत दुपारी पाय ठेववेना. सासूबाईंना एकदा विचारा, झाड लावलं कोणत्या साली? अर्जात तेच आधी लागेल.