मानवी हक्क शिकू की युवाकार्य?

प्रश्न: मी समाजशास्त्रात पदवी घेतली असून एका युवा गटात स्वयंसेवक म्हणून जाते. पुढे मानवी हक्कांचा अभ्यासक्रम करावा की युवाकार्याचा? हक्कबिक्क हे वकिलांचं काम, असं घरचे म्हणतात. दुसरं म्हणजे, गटातल्या १६ वर्षांच्या मुलाने ‘कुणाला सांगणार नाही ना?’ असं विचारलं आणि मी शब्द देऊन बसले. मग त्याने घरी मारहाण होते असं सांगितलं. आता काय करू?

उत्तर: दुसरा प्रश्न आधी, कारण तो थांबणारा नाही. हे गुपित तुला ठेवता येणार नाही. पण त्याच्या नकळत कुणाकडे जाऊ नकोस. आधी त्यालाच सांग: ‘मी शब्द द्यायला नको होता. तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून मला एका व्यक्तीला सांगावं लागेल. काय सांगणार ते तू ऐक. तुला सोबत यायचंय का?’ मग त्याच दिवशी संस्थेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना भेट. तसं कुणी नसेल, तर बाल हेल्पलाइनला फोन कर. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेव. तुझे तर्क त्यात नकोत. उलटतपासणी करू नकोस आणि त्याच्या घरी जाऊन जाब तर मुळीच विचारू नकोस, त्याचा राग त्या मुलावरच निघू शकतो. यापुढे कुणी असं विचारलं तर उत्तर एकच: ‘तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल तर सांगावं लागेल, बाकीचं आपल्यातच राहील.’ मुलाने मन मोकळं करायच्या आधीच हे सांगायचं असतं.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत १६ व्या कलमात खासगीपणाचा हक्क आहे, १९ व्यात हिंसेपासून संरक्षणाचा आणि १२ व्यात आपलं म्हणणं मांडण्याचा. त्या मुलाच्या बाबतीत तिन्ही एकाच वेळी तुझ्यासमोर उभे राहिले. वकिलाकडे प्रकरण येतं तेव्हा कागदपत्रं तयार असतात; तुझ्याकडे ते मूल समोर बसलेलं असताना येतं. त्यामुळे घरच्यांचं म्हणणं मला पटत नाही.

म्हणणं मांडण्याच्या हक्काचं, म्हणजे सहभागाचंही तसंच. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. तारीख, पाहुणे, विषय सगळं ठरवून झाल्यावर बॅनरचा रंग तेवढा मुलांना विचारायचा, असे कार्यक्रम तू पाहिले असशीलच. (अहवालात मात्र ‘मुलांच्या पुढाकाराने’ असंच छापलं जातं.) खर्चाचा आकडा मुलांपुढे ठेवून त्यांनाच वाटप ठरवू देणं अवघड असतं. त्यात वेळ जातो, भांडणं होतात, कधी निर्णयही चुकतो. ते निभावून नेण्याचं कौशल्य प्रत्यक्ष कामातूनच येतं.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत १५ ते २४ वयाचे ते युवा, तर बालहक्क संहिता साधारणपणे १८ च्या आतल्यांसाठी. म्हणजे एकाच गटात दोन्ही असतात आणि संमतीपासून फोटोपर्यंतचे नियम बदलतात.

म्हणून माझा कौल युवाकार्याला, पण ज्यात क्षेत्रकार्य भरपूर आहे आणि अनुभवी व्यक्तीची नियमित देखरेख मिळते अशाच अभ्यासक्रमाला. हक्कांचा विषय त्यातच एखादा पेपर किंवा प्रमाणपत्र म्हणून घे. धोरण, संशोधन, अहवाललेखन याकडे ओढा असेल तर मात्र उलटं कर. पगाराची फार अपेक्षा ठेवू नकोस. बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पाच्या निधीवर चालतात आणि निधी संपला की करारही संपतो.

मुलाखतीला जाशील तेव्हा तूही दोन प्रश्न विचार: माझ्या कामावर देखरेख कोण करणार? आणि मुलाने छळाबद्दल सांगितलं तर काय करायचं, हे तुमच्याकडे लेखी आहे का? ‘आमच्याकडे असं काही घडत नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरीकडे अर्ज कर.