पवना धरणावर पहिल्यांदा गळ टाकणार असशील तर

अरे मस्त, पवना सुरुवातीला खरंच छान आहे, तुंग-तिकोना किल्ले समोर आणि काठाजवळच मासे. पण आधी एक ऐक, पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभर पण नाही. वरून शांत दिसतं पण कडेला गाळ असतो, पाय रुततो आणि पुढे एकदम खोल, दरवर्षी पोहता येणारी पोरंसुद्धा बुडतात तिथे.

महागडा रॉड-रीळ आत्ता अजिबात घेऊ नकोस. साधी काठी, बारीक दोरा, छोटा गळ, फ्लोट (दोऱ्यावरचा तरंगणारा तुकडा, मासा लागला की बुडतो), आमिषाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, एवढ्यावर चिलापी (तिलापिया मासा) लागते. रोहू-कटल्याच्या मागे नंतर लाग, ते वेगळंच प्रकरण आहे.

नवीन लोकं हमखास काय चुकतात:
- गळ फार मोठा लावतात, मग मासा आमिष खाऊन पसार
- दर दहा मिनिटांनी जागा बदलतात, अरे बस की जरा
- परवानगी न विचारता बसतात. मासेमारीचा ठेका असतो, गावात आधी विचार

पावसाळ्यात विणीचा हंगाम, तेव्हा गळ घरीच ठेव. आणि मरळ माशाची लालसर पिल्लं थव्याने दिसली तर तिथे टाकूच नकोस, आई-बाप खाली राखण करत असतात, ते गेले की पिल्लं संपली.

तुटलेला दोरा खिशात घालून आण आणि साबणाने भांडी तिथे घासू नका, हेच पाणी नदीतून रावेतला उचलून पिंपरी-चिंचवडला प्यायला जातं. सकाळी लवकर पोच, उन्हं चढली की काठावर गर्दी होते.