दोन महायुद्धांमधले जुने जागतिक चित्रपट पाहायचे असतील तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की १९२० ते १९४० च्या दरम्यानचे नावाजलेले परदेशी चित्रपट तुम्ही लावून पाहिले, पण वीस मिनिटांच्या पुढे जाता आलं नाही. माणसं तुरुतुरु पळतात, डोळे वटारतात, मध्येच मजकुराची पाटी येते. मग लोक यांना एवढं का मानतात आणि सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी, असं तुम्ही विचारलंय.

मी एकच नाव सांगेन: 'द लास्ट लाफ', जर्मनी, १९२४, दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ. पन्नास चित्रपटांची यादी हातात पडली की माणूस अभ्यासाला बसल्यासारखा बसतो आणि तिथेच गोडी जाते.

आधी त्या तुरुतुरु पळण्याबद्दल. मूकपटांच्या काळात कॅमेरा बऱ्याचदा हाताने फिरवत. सेकंदाला सोळा, अठरा, वीस चित्रं, असा वेग कमीजास्त होई. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चित्रं हा वेग ठरून गेला. जुनी फिल्म त्या वेगाने चालवली की माणसं धावायला लागतात. तुम्ही पाहिल्यात त्या बहुधा अशाच फुकट फिरणाऱ्या, धुरकट, भलतंच संगीत चिकटवलेल्या प्रती. नीट दुरुस्त केलेल्या प्रतीत हीच माणसं तुमच्याआमच्यासारखी चालतात.

आता चित्रपटाबद्दल. बर्लिनमधल्या एका बड्या हॉटेलच्या दारावर एक म्हातारा दरवान आहे. भरघोस मिशा, सोनेरी बटणांचा भारदस्त कोट. एमिल यानिंग्ज या नटाने हे काम केलंय. हॉटेलात तो नोकर, पण राहतो त्या वस्तीत तो कोट घालून शिरला की बायाबापड्या गॅलरीतून वाकून नमस्कार करतात. ती वस्ती म्हणजे हुबेहूब आपली चाळ: मधला चौक, समोरासमोरच्या खिडक्या, कुणाचं काही झाकून राहत नाही. एका पावसाळी रात्री टपावरची जड पेटी उतरवून तो दमतो आणि क्षणभर टेकतो. मॅनेजर ते बघतो. दुसऱ्या दिवशी दारात तसाच कोट घातलेला दुसरा माणूस उभा असतो, आणि आपल्या म्हाताऱ्याला तळघरातल्या स्वच्छतागृहात टॉवेल द्यायला पाठवलं जातं.

तो कोट त्याच्या अंगावरून उतरवतात तो प्रसंग नीट पाहा. त्याला स्वतःला हात हलवता येत नाही, दुसरा माणूस ओढून काढतो, एक बटण तुटून खाली पडतं. यानिंग्जची पाठ तेवढ्यात वाकते आणि पुढे चित्रपटभर ती सरळ होत नाही. घरात लग्न आहे, वस्तीला तोंड कसं दाखवायचं, म्हणून तो रात्री स्वतःचाच कोट चोरून पळतो. बाहेर येऊन मागे वळून पाहतो, तर अख्खं हॉटेल आपल्या अंगावर कोसळतंय असं त्याला दिसतं. युद्ध हरलेला, १९२३ च्या महागाईत आयुष्यभराची पुंजी गमावून बसलेला देश हे बघत होता. गणवेशाची किंमत त्या प्रेक्षकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि हे सगळं पाट्यांशिवाय. चिठ्ठी, केकवरची अक्षरं असा मजकूर दिसतो तेवढाच. सांगणाऱ्याची म्हणावी अशी पाटी संपूर्ण चित्रपटात एकच, शेवटाकडे. कार्ल मायरने पटकथाच तशी लिहिली होती. मग गोष्ट सांगायचं काम कॅमेऱ्यावर आलं, आणि कार्ल फ्रॉइंट या छायालेखकाने तो तिकाटण्यावरून खाली काढला. पहिल्याच दृश्यात आपण उघड्या लिफ्टमधून खाली उतरतो आणि लॉबी ओलांडून फिरत्या दारापाशी पोचतो. त्यासाठी फ्रॉइंट कॅमेरा घेऊन सायकलवर बसला होता. म्हातारा दारू पिऊन झिंगतो तेव्हा कॅमेरा फ्रॉइंटच्या छातीला बांधलेला आहे आणि तोच झोकांड्या खातोय. चौकात एक जण रणशिंग फुंकतो, तर कॅमेरा त्या वाद्याच्या तोंडापासून सरकत वर खिडकीपर्यंत जातो. चित्रपटाला आवाज नाही, तरी आवाज कुठून कुठे गेला ते दिसतं. हा तुकडा मी कितीही वेळा पाहिला तरी थक्क होतो. याच सुमारास जर्मन स्टुडिओत कामाला आलेला, पुढे रहस्यपटांसाठी गाजलेला तरुण इंग्रज दिग्दर्शक हिचकॉक मुर्नाऊचं चित्रीकरण जवळून बघत होता, आणि तिथे शिकलेलं त्याने जन्मभर वापरलं.

शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. रात्रीचा पहारेकरी म्हाताऱ्याच्या अंगावर आपला कोट पांघरतो तिथे गोष्ट संपली आहे. पुढे ती पाटी येते, लेखकाला याची दया आली असं सांगते, आणि म्हाताऱ्याला एका धनाढ्याची इस्टेट मिळवून देते. मला तो भाग अजूनही पचत नाही. तुम्ही तुमचं ठरवा.

हे आवडलं तर मग 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८). दिग्दर्शक डेन्मार्कचे कार्ल ड्रायर, चित्रपट फ्रान्सचा. १४३१ साली जोन या फ्रान्सच्या तरुण लढवय्या मुलीवर चाललेल्या खटल्याच्या नोंदींवर तो बेतलाय. जवळजवळ सगळा चित्रपट म्हणजे चेहरे, रंगभूषा न केलेले, सुरकुत्या आणि चामखिळींसकट. फाल्कोनेती या अभिनेत्रीच्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही. मूळ निगेटिव्ह आगीत गेली, आणि एक चांगली प्रत १९८१ मध्ये नॉर्वेतल्या एका मनोरुग्णालयात सापडली. हा मात्र रात्री एकट्याने, फोन बाजूला ठेवून पाहा.

तिसरा 'एम', १९३१, फ्रिट्झ लांग यांचा पहिला बोलपट. आवाज हाती आला म्हणून त्यांनी तो उधळला नाही. पार्श्वसंगीत नाही, काही तुकडे तर पूर्ण निःशब्द आहेत. लहान मुलांना मारणाऱ्या माणसाची ओळख म्हणजे त्याची शीळ, आणि ती ओळखतो फुगे विकणारा आंधळा. सुरुवातीला आई लेकीची जेवायला वाट बघते, हाका मारते. आपल्याला दिसतो रिकामा जिना, रिकामं ताट, गवतात घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलेलाच नाही. शेवटी गुन्हेगारांनीच भरवलेल्या न्यायालयात खुन्याचं काम करणारा पीटर लोरे जे बोलतो, त्यानंतर कुणाची बाजू घ्यावी हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

'एम'च्या पटकथाकार थिया फॉन हार्बू या तेव्हा लांग यांच्या पत्नी. १९३३ मध्ये दोघे विभक्त झाले. लांग देश सोडून गेले, त्या नाझी राजवटीतही तिथेच काम करत राहिल्या, आणि पुढे त्यांनी आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी लग्न केलं. शांतारामबापूही १९३३ मध्येच 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीत गेले होते. परतल्यावर केलेल्या 'अमृतमंथन'मधला राजगुरूचा तो पडदाभर डोळा आठवा. वरचे चित्रपट पाहिल्यावर तो कोणत्या घराण्यातला आहे ते लगेच कळेल.

'मेट्रोपोलिस' (१९२७) सगळे आधी सुचवतात, मी तो नंतरसाठी ठेवेन. लांबलचक आहे आणि त्यातला अभिनय नवख्याला अंगावर येतो. पाहाल तेव्हा २०१० ची प्रत शोधा. ब्वेनोस आयरेसमध्ये २००८ साली सापडलेले हरवलेले भाग तिच्यात जोडले आहेत. 'द लास्ट लाफ'ची प्रत निवडताना जर्मनीच्या मुर्नाऊ प्रतिष्ठानाने दुरुस्त केलेली आहे का ते बघा. आणि 'एम' मूळ जर्मनमध्येच, खाली इंग्रजी मजकूर घेऊन पाहा. डब केलेल्यात लोरेचा आवाज जातो, आणि त्या शेवटच्या प्रसंगात सगळं त्या आवाजावरच आहे.